पानाचा साचा आणि मराठीचे वळण

१. विषयाची मांडणी

कोणतेही लिहिलेले वा छापलेले पान दोन गोष्टींचे बनलेले असते. एक मजकूर आणि दुसरी त्या मजकुराची बैठक. शीर्षक कोठे असावे, ओळ किती रुंद असावी, दोन ओळींत अंतर किती ठेवावे, समास किती सोडावा, दिनांक व पृष्ठांक कोठे घालावेत, कोणता भाग कोणत्या अक्षरात जुळवावा, या सर्व निर्णयांच्या समुच्चयास पानाचा साचा असे म्हणता येईल. पूर्वी हे निर्णय लेखनिक, जुळारी आणि मुद्रक घेत असत. लेखकाचा त्यांच्याशी फारसा संबंध येत नसे. संगणकाच्या पडद्यावर लेखन प्रसिद्ध करण्याची सोय झाल्यापासून ही स्थिती पालटली. आता साचा लेखकास आयता मिळतो, आणि तो निवडणे, त्यातील रुंदी, रंग, अक्षरे व घटक बदलणे हे काम त्याच्याकडेच येते.

यातून एक सोयीस्कर समज रूढ झाला आहे. तो असा की, साचा हा केवळ सजावटीचा भाग असून भाषेशी त्याचा काही संबंध नाही. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन याच्या उलट आहे. प्रत्येक साचा कोणत्या तरी एका लिपीच्या आणि भाषेच्या सवयी गृहीत धरूनच तयार झालेला असतो. आज प्रचारात असलेले बहुतेक साचे लॅटिन लिपी व इंग्रजी भाषा डोळ्यांसमोर ठेवून आखलेले आहेत. तेव्हा मराठी लेखकाने साच्यात बदल करावयाचा म्हणजे त्यातील परकी गृहीते शोधून काढावयाची आणि त्यांच्या जागी मराठीची गृहीते बसवावयाची, असा त्याचा अर्थ होतो. हे झाले नाही, तर पान दिसावयास कितीही देखणे असो, वाचकाला पदोपदी ठेच लागते. आणि काही प्रसंगी तर लेखन वाचकापर्यंत पोचतच नाही.

२. उदाहरणादाखल एक ओळ

विवेचन मोघम होऊ नये यासाठी येथे एक साधे उदाहरण घेतले आहे. वाशिम जिल्ह्यातील आसेगाव येथील एखाद्या वाचनालयाने गावाची माहिती देणारी पाने प्रसिद्ध करावयाचे ठरविले, अशी कल्पना करावी. प्रत्येक पानाच्या माथ्यावर पुढील ओळ येईल: ‘आसेगाव, तालुका मंगरूळपीर, जिल्हा वाशिम’. याच नावाचे गाव अमरावती जिल्ह्यातही असल्यामुळे तालुका व जिल्हा यांचा निर्देश टाळून चालणार नाही.

ही ओळ अवघ्या पाच शब्दांची आहे. पण देवनागरीच्या बहुतेक सर्व अडचणी तीत एकत्र आल्या आहेत. ‘से’ची मात्रा शिरोरेखेच्या वर जाते, तर ‘लु’चा उकार अक्षराच्या खाली उतरतो. ‘मं’वर अनुस्वार आहे. ‘रू’मधील दीर्घ उकार इतर अक्षरांप्रमाणे पायाशी न लागता अक्षराच्या कुशीत बसतो. ‘ळ’ हे मराठीचे खास अक्षर येथे आहे. ‘जि’ आणि ‘शि’ यांची वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते, परंतु लेखनात त्याच्या आधी काढावी लागते. ‘ल्हा’मध्ये जोडाक्षर आहे. ज्या साच्यात ही ओळ निर्दोष उमटते, त्यात मराठीचा बहुतेक मजकूर सुखरूप राहील असे समजावयास हरकत नाही.

या ओळीवरून साच्याचा एक मूलभूत उपयोगही स्पष्ट होतो. इंग्रजी अमदानीत वाशिम हा वऱ्हाडातील स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ साली तो अकोला जिल्ह्यात विलीन झाला, आणि १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा काढून पुन्हा स्वतंत्र करण्यात आला. एखाद्या संस्थेने जिल्ह्याचे नाव प्रत्येक पानावर हाताने लिहिले असते, तर तिला प्रत्येक पान उघडून ते बदलावे लागले असते. तेच नाव साच्याच्या शीर्षघटकात एकदाच लिहिले असेल, तर तेथे केलेला बदल सर्व पानांवर आपोआप उमटतो. जे सर्व पानांस समान आहे ते साच्यात, आणि जे त्या पानापुरते आहे ते मजकुरात, हा विवेक पृष्ठरचनेचा पाया होय.

३. साच्यांची परंपरा

पानाचे घटक ठरवून देण्याची कल्पना संगणकाबरोबर आलेली नाही. वाशिम म्हणजेच प्राचीन वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. दुसऱ्या विंध्यशक्तीचा वाशिम येथील ताम्रपट प्रसिद्धच आहे. त्यात राजवंशाचा भाग संस्कृतात, तर पुढचा दानाचा भाग प्राकृतात आहे. म्हणजे लेखाच्या कोणत्या घटकास कोणती भाषा वापरावयाची याचाही संकेत तेथे ठरलेला दिसतो. वाकाटकांच्या ताम्रपटांत अक्षरांच्या माथ्यावर लहान चौकोनी पेटी काढण्याची रीत आहे, आणि पत्रे ओवण्याच्या कडीसाठी भोक ठेवलेले असते. लेखनसाहित्य, लिपीचे वळण आणि मजकुराचे भाग या तिन्हींचा मेळ घालणारा हा एक साचाच होता.

पोथीचा साचा याहून अधिक परिचयाचा आहे. आडवे लांबट पान, दोन्ही बाजूंस आखलेला समास, समासात ग्रंथाचे संक्षिप्त नाव व पत्रांक, अध्याय संपल्याची व ‘उवाच’ची अक्षरे तांबड्या शाईने, चुकलेल्या अक्षरावर हरताळ, आणि शेवटी ग्रंथाचे नाव, लेखनिक व काळ सांगणारी पुष्पिका, हे तिचे घटक होत. पोथीत शब्द बहुधा सुटे लिहीत नसत. शिरोरेखा अखंड चाले. शब्द तोडण्याची सोय नसताना वाचकास वाट दाखविण्याचे काम दंड आणि तांबडी शाई यांनी केले.

मुद्रणकला आली तेव्हा प्रथम यंत्राची मर्यादा पुढे उभी राहिली. फादर स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात छापले गेले, ते रोमन लिपीत. कारण देवनागरीचे खिळे उपलब्ध नव्हते. श्रीरामपूर येथे विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण १८०५ साली देवनागरीत, तर मराठी–इंग्रजी कोश १८१० साली मोडीत निघाला. पुढे मुंबईत शिळाछापामुळे हस्तलिखिताचे वळण जसेच्या तसे कागदावर उतरविता आले. बाळशास्त्री जांभेकर यांच्या ‘दर्पण’ने ६ जानेवारी १८३२ पासून एका पानावर दोन स्तंभ ठेवून एकात इंग्रजी व दुसऱ्यात मराठी मजकूर दिला. एकाच पानावर दोन लिप्या शेजारी शेजारी बसविण्याचा हा मराठी वृत्तपत्रसृष्टीतील आरंभीचा प्रयोग. अमेरिकन मिशन छापखान्यातील टॉमस ग्रॅहॅम, गणपत कृष्णाजी आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढणारे जावजी दादाजी यांनी देवनागरी खिळ्यांस जे रूप दिले, ते मराठी वाचकाच्या डोळ्यांत पुढे कायमचे ठसले.

यंत्राच्या सोयीसाठी लिपीच बदलावी असा विचारही या प्रवासात पुढे आला. लॅटिन अक्षरांसाठी घडविलेल्या लायनोटाइप यंत्रास नव्वद कळा होत्या. देवनागरी जोडाक्षरे व मात्रा तेवढ्यात बसविणे दुष्कर होते. स्वातंत्र्यवीर सावरकर यांनी ‘अ’ची बाराखडी पुढे मांडली, तीमागे मुद्रणसुलभता हा एक हेतू होता. १९५३ साली लखनौ येथे भरलेल्या परिषदेने ह्रस्व वेलांटी व्यंजनाच्या उजवीकडे, आखूड दंडाने काढावी असे सुचविले. हा नियम टिकला असता तर ‘वाशिम’ हा शब्द आज वेगळा दिसला असता. परंतु वाचणाऱ्यांना तो रुचला नाही, आणि १९५७ साली तो मागे घ्यावा लागला. या इतिहासाचे तात्पर्य असे की, लिपी यंत्रास वाकविण्यापेक्षा यंत्र लिपीस वाकविणे अंती हिताचे ठरले. आजच्या आयत्या साच्यांच्या बाबतीतही हाच निकष लावावयास हवा.

४. ओळ, अंतर आणि अक्षर

लॅटिन लिपीची अक्षरे खालच्या पायरेषेवर उभी असतात. देवनागरीची अक्षरे शिरोरेखेस टांगलेली असतात. या एका भेदातून पुढील बहुतेक भेद निघतात. खिळ्यांच्या जुळणीत अक्षराचे तीन थर कल्पीत: वरचा मात्रा, वेलांटी, रफार व अनुस्वार यांचा, मधला मूळ अक्षराचा, आणि खालचा उकार व ऋकार यांचा. लॅटिनमध्ये असे भरगच्च वरचे व खालचे थर नाहीत. त्यामुळे लॅटिनसाठी ठरविलेली ओळींची उंची देवनागरीस अपुरी पडते. वरच्या ओळीत ‘शत्रू’ आणि तिच्या बरोबर खाली ‘मूर्तींचे’ असा शब्द आला, की वरचा उकार खालच्या रफारावर आदळतो. साच्यात ओळीची उंची अक्षराच्या आकाराच्या सुमारे दीडपट दिलेली असल्यास ती १.६ ते १.८ पटीपर्यंत वाढविणे इष्ट होय. तसेच तीन थर एकाच मापात मावावयाचे असल्यामुळे मधला थर लहान होतो; म्हणून लॅटिनसाठी १६ हे माप असेल तर देवनागरीसाठी १८ च्या आसपासचे माप घेऊन पाहावे.

दुसरी गोष्ट अक्षरांतील अंतराची. शीर्षकाला भारदस्तपणा यावा म्हणून अक्षरे विरळ करण्याची पद्धत लॅटिनमध्ये आहे. तोच प्रयोग देवनागरीवर केला की शिरोरेखा जागोजागी तुटते, आणि ‘वाशिम’ हा एक शब्द न राहता तीन तुकडे होतात. देवनागरी शब्दाची एकता शिरोरेखेने दाखविली जाते. म्हणून हे अंतर शून्य ठेवणे हाच नियम समजावा.

तिसरी गोष्ट महत्त्व दाखविण्याची. लॅटिनमध्ये मोठी अक्षरे व तिरपी अक्षरे ही दोन साधने आहेत. देवनागरीत मोठ्या व लहान अक्षरांचा भेदच नाही. तेव्हा शीर्षक मोठ्या अक्षरांत दाखविण्याची साच्यातील योजना येथे निष्फळ होते, आणि शीर्षक मजकुरात हरवते. तिरप्या देवनागरीची परंपरा नसल्यामुळे यंत्र सरळ अक्षरेच ओढून तिरपी करते, आणि वेलांट्यांचा तोल जातो. मराठीने या कामी आकार, ठळकपणा आणि अवतरणचिन्हे वापरावीत; पोथीने तांबडी शाई वापरली होती, हेही विसरू नये.

चौथी गोष्ट आद्याक्षराची. पहिल्या परिच्छेदाचे पहिले अक्षर मोठे करण्याची सोय पुष्कळ साच्यांत असते. संगणक ‘शि’ हे अक्षर आधी ‘श’ आणि मग वेलांटी अशा क्रमाने साठवितो व दाखविताना वेलांटी डावीकडे आणतो. ‘श्री’मध्ये तर चार चिन्हे साठविलेली असतात. साच्याने केवळ पहिले चिन्ह उचलले तर ‘श’ मोठा आणि वेलांटी लहान असा विद्रूप प्रकार घडू शकतो. मराठीचे एकक वर्ण नसून अक्षर आहे. तेव्हा साचा संपूर्ण अक्षर उचलतो की नाही हे पाहावे, आणि उचलत नसल्यास ही सोय बंद ठेवावी.

पाचवी गोष्ट मुद्रासंचाची. देवनागरी ही मराठी, हिंदी, नेपाळी आदी भाषांची सामाईक लिपी असली तरी तिची वळणे सर्वत्र एक नाहीत. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे हिंदीहून निराळी आहेत, आणि महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी लेखनासाठी ती निश्चित केली. काही मुद्रासंचांत दोन्ही वळणे असतात. पानाची भाषा मराठी आहे असे साच्यात नोंदविले असेल तरच मराठी वळण पुढे येते. ही नोंद दिसण्यापुरती नाही. दृष्टिहीन वाचकांसाठी मजकूर मोठ्याने वाचणारी यंत्रणाही तीच नोंद पाहून उच्चार ठरविते. पान हिंदीचे समजले गेले तर ‘चाक’ व ‘जागा’ यांतील दंततालव्य च आणि ज तालव्य उच्चारले जातील. साच्यातील एका शब्दाची नोंद अशा वाचकाच्या कानावर मराठी पडते की नाही हे ठरविते. र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांच्यासारख्या अक्षरकारांनी संगणकासाठी देवनागरी घडविताना जे कष्ट घेतले, त्यांचे चीज होण्यास ही साधी नोंद आवश्यक आहे.

५. शब्दांची लांबी आणि स्तंभाची रुंदी

आतापर्यंतचे विवेचन लिपीविषयी झाले. पण साच्याचा संबंध भाषेच्या घडणीशीही येतो. इंग्रजीत संबंध दाखविणारे शब्द सुटे लिहितात. मराठीत विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये मागील शब्दास जोडून लिहिण्याचा प्रघात आहे. ‘मंगरूळपीरजवळच्या’ किंवा ‘वाचनालयासंबंधीच्या’ असे शब्द मराठीत अगदी स्वाभाविक आहेत. हातातील फोनच्या अरुंद पडद्यावर एका ओळीत असे दोनतीनच शब्द मावतात. अशा स्थितीत दोन्ही कडा सारख्या करण्याचा आग्रह साच्याने धरला, तर उरलेल्या शब्दांत मोठमोठी भगदाडे पडतात. यास्तव अरुंद पानावर डावी कडा सरळ आणि उजवी मोकळी ठेवावी. याच कारणासाठी लहान पडद्यावर दोन स्तंभांची मांडणी टाळून बाजूचे घटक मजकुराच्या खाली न्यावेत. ‘दर्पण’चे दोन स्तंभ छापील पानाच्या रुंदीवर शोभले, फोनवर तीच रचना दोन्ही स्तंभांस मारक ठरेल. रुंद पडद्यावर उलट दोष संभवतो: ओळ कडेपासून कडेपर्यंत धावू दिली तर परतताना डोळा पुढची ओळ चुकतो. तेथे ओळीच्या रुंदीस मर्यादा घालून दोन्ही बाजूंस समास सोडावा.

६. घटकांची भाषा

साच्यात लेखकाचा मजकूर येण्यापूर्वीच काही शब्द बसविलेले असतात: दिनांक, लेखकाचे नाव, विषयखुणा, जुन्या लेखांची यादी इत्यादी. हे घटक यंत्र जुळविते, आणि जुळविताना इंग्रजी व्याकरण वापरते. इंग्रजीत ‘मध्ये’ या अर्थाचा शब्द आधी व स्थळाचे नाव नंतर येते. नावात काही बदल होत नाही. मराठीत नावाचे सामान्यरूप होते. वाशिम जिल्ह्यातीलच नावे घेतली तर ‘कारंजा’चे ‘कारंज्यात’ आणि ‘मानोरा’चे ‘मानोऱ्यात’ होते. यंत्रास ही रूपे घडविता येत नसल्यामुळे ‘कारंजात’, ‘मानोरात’ अशी अशुद्ध रूपे छापली जातात. यावर उपाय मराठीतच आहे. घटकातील वाक्य असे योजावे की नाव मूळ रूपातच राहील: ‘स्थळ: कारंजा’, किंवा ‘मानोरा येथे’. ‘येथे’ या शब्दापूर्वी स्थळनाम न बदलता येऊ शकते, याचा असा व्यावहारिक लाभ होतो.

संख्यादर्शक घटकांतही हाच घोळ होतो. इंग्रजीच्या एका प्रत्ययाने अनेकवचन साधते, म्हणून साच्यात तशी एकच तरतूद असते. मराठीत ‘लेख’चे अनेकवचन ‘लेख’च राहते, ‘गोष्ट’चे ‘गोष्टी’ होते आणि ‘पुस्तक’चे ‘पुस्तके’. तेव्हा ‘लेखांची संख्या: ५’ अशी रचना करणे निर्धोक. दिनांकही ‘ऑक्टोबर ५’ असा न लिहिता ‘५ ऑक्टोबर’ असा यावयास हवा.

विषयखुणा देताना मूळ रूपाचा नियम अधिक कसोशीने पाळावा. विषयखूण म्हणजे वाचकास त्या विषयाच्या सर्व लेखांकडे नेणारी पाटी. ती एका लेखास ‘कारंजा’ आणि दुसऱ्यास ‘कारंज्यातील’ अशी दिली, तर यंत्राच्या दृष्टीने ते दोन निराळे विषय होतात व एकाच गावाचे लेख दोन ठिकाणी विखुरतात.

‘मानोऱ्यात’ या शब्दात आणखी एक सूक्ष्म पेच आहे. मराठीत र आणि य यांचा संयोग दोन प्रकारे लिहिला जातो: ‘दर्या’मध्ये रफाराने, आणि ‘दऱ्या’मध्ये आडव्या चंद्रकोरीसारख्या चिन्हाने. पहिल्याचा अर्थ समुद्र, दुसऱ्याचा डोंगरांमधल्या खोल जागा. उच्चारातही भेद आहे: पहिल्यात मागील अक्षरावर आघात येतो, दुसऱ्यात येत नाही. हिंदीस या दुसऱ्या चिन्हाची गरज भासत नाही. म्हणून निवडलेल्या मुद्रासंचात ते आहे की नाही, हे मराठी लेखकाने स्वतः तपासावयास हवे. अन्यथा ‘आचाऱ्यांना’ दिलेला निरोप ‘आचार्यांना’ पोचेल.

सूचीच्या घटकातही अशीच दक्षता लागते. युनिकोड या सर्वमान्य संकेतमालेत ‘ळ’ची जागा ‘ल’च्या लगेच पुढे आहे, मराठी वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो. साच्याने नावांचा क्रम केवळ संकेतांच्या अनुक्रमाने लावला, तर मराठी वाचक जेथे शोधील तेथे नाव सापडणार नाही. सूचीस मराठी वर्णक्रम लावण्याची तरतूद असल्यास ती स्वीकारावी. नसल्यास लहान सूची हाताने लावणे बरे.

७. दिसणे आणि असणे

येथवर सांगितलेले दोष वाचकास त्रास देणारे असले तरी ते दुरुस्त होण्याजोगे आहेत. याहून गंभीर दोष मजकूर आणि रूप यांची गल्लत केल्याने उत्पन्न होतो. युनिकोडच्या १९९१ सालच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीस जागा मिळाली होती. तरीही तिचा प्रसार होईपर्यंत पुष्कळ मराठी मजकूर निराळ्याच युक्तीने साठविला गेला. लॅटिन अक्षरांसाठी असलेल्या घरांत देवनागरीची चित्रे बसविलेले मुद्रासंच वापरीत. पडद्यावर ‘आसेगाव’ दिसे, पण संगणकाच्या स्मृतीत असत ती काही लॅटिन अक्षरे व चिन्हे. तो विशिष्ट मुद्रासंच वाचकाजवळ नसला की पानावर केवळ अर्थहीन चिन्हांची गर्दी उरे. प्रत्येक संचाची घरे निराळी असल्यामुळे एकाचा मजकूर दुसऱ्यात उघडता येत नसे, आणि शोध घेऊ गेल्यास ‘आसेगाव’ हा शब्द त्या पानात आढळतच नसे. कारण तो तेथे नव्हताच, होते ते त्याचे चित्र. अशा मजकुराचे रूपांतर करणारी साधने पुढे निघाली. तथापि कोणता संच वापरला होता हेच अज्ञात राहिले, तर त्या मजकुराची वाट बंद होते.

आज युनिकोड सर्वत्र रूढ असले तरी ही चूक नव्या वेषात परत येते. शीर्षकास हवे तसे वळण मिळेना, म्हणून ते चित्र करून पानावर चिकटविले जाते. सभेचे निमंत्रण, निधनवार्ता, गावाचा इतिहास, असा सबंध मजकूरही चित्ररूपाने प्रसिद्ध होतो. डोळस वाचकाच्या दृष्टीने त्यात उणे काही नसते. पण त्यातील शब्द शोधात लागत नाहीत, मोठ्याने वाचणाऱ्या यंत्रणेस कळत नाहीत, लहान पडद्यावर ओळी नव्याने मांडल्या जात नाहीत, आणि साचा बदलला तरी चित्र बदलत नाही. चित्र वापरणे अपरिहार्य असेल तेथे त्यातील मजकूर पानावर अक्षररूपानेही द्यावा.

लेखनाच्या नियमांतील बदलाचाही येथे विचार केला पाहिजे. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ सालच्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार वगळले, आणि ‘आसेगांव’चे ‘आसेगाव’ झाले. डोळ्यास हा भेद किरकोळ वाटतो; यंत्राच्या दृष्टीने मात्र ते दोन भिन्न शब्द ठरू शकतात. जुना दस्तऐवज उतरवून घेताना त्यातील लेखन बदलणे योग्य नव्हे. परंतु शीर्षकात किंवा विषयखुणेत नवे रूप दिले, तर जुना लेख आणि आजचा वाचक यांची गाठ पडते. मूळ मजकुराचा अस्सलपणा राखून त्याला आजच्या वाचकाशी जोडून देणे हे काम साच्याच्या घटकांनी करावयाचे असते.

८. समारोप

वरील चर्चेवरून साच्यात बदल करण्याचा एक क्रम सुचतो. प्रथम पानाची भाषा मराठी असल्याची नोंद करावी. नंतर मराठी वळणाची अक्षरे असलेला मुद्रासंच निवडून त्याचे माप व ओळींची उंची ठरवावी. अक्षरांतील अंतर, तिरपी अक्षरे आणि दोन्ही कडा सारख्या करण्याची योजना काढून टाकावी. त्यानंतर घटकांतील बसविलेले शब्द मराठी वाक्यरचनेस अनुसरून बदलावेत. रंग व सजावट यांचा विचार सर्वांत शेवटी करावा. प्रत्यक्षात हा क्रम बहुधा उलटा चालतो. साचा त्याच्या नमुन्यातील इंग्रजी मजकूर पाहून व रंगावर भाळून निवडला जातो, आणि मराठी मजकूर त्यात घातल्यावर अडचणी कळू लागतात. म्हणून नमुन्याचा मजकूर काढून त्या जागी आपल्या गावाचा पत्ता, ‘मूर्तींचे’, ‘शत्रू’, ‘श्री’, ‘दर्या’ व ‘दऱ्या’ हे शब्द आणि एक सलग परिच्छेद प्रथम घालून पाहावा, आणि ते पान मोठ्या पडद्यावर व फोनवर दोन्हीकडे वाचावे.

या कामास कोणी किरकोळ म्हणेल. परंतु लहान गावांविषयी छापील साहित्य आधीच थोडे असते; जे नव्याने लिहिले जाईल, ते पडद्यावरील पानांतच राहण्याचा संभव अधिक आहे. आसेगावच्या एखाद्या विद्यार्थ्याने पुढे वीस वर्षांनी आपल्या गावाचे नाव शोधावे, आणि ते लिहिलेले असूनही त्याला मिळू नये, हे टाळणे लिहिणाऱ्याच्या हाती आहे. त्यासाठी शुद्ध मजकूर आणि मराठीस बेतलेला साचा, दोन्ही लागतात. पैकी मजकुराकडे लक्ष देण्याची सवय मराठी लेखकास आहे. साच्याकडेही त्याने तितक्याच जबाबदारीने पाहावयास हवे.